तोच वीर, नवा नट

सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन चित्रपटगृहात जाणाऱ्या पालकांना अलीकडे एक चमत्कारिक अनुभव येतो. पडद्यावर स्पायडर-मॅन अवतरतो. पोशाख तोच, भिंतीवर सरसर चढण्याची लकब तीच. परंतु मुखवटा दूर होताच पाहावे तर चेहरा निराळाच! वडिलांच्या स्मरणातला स्पायडर-मॅन म्हणजे टोबी मॅग्वायर, थोरल्या मुलीच्या स्मरणातला अँड्र्यू गारफील्ड आणि धाकट्याच्या मनातला टॉम हॉलंड. एकाच घरात एकाच नावाचे तीन वीर नांदू लागतात, आणि घरी परतताना वाटेत वाद उपस्थित होतो. एकदा चांगली सांगून झालेली गोष्ट पुनश्च पहिल्यापासून सांगण्यात काही हशील आहे काय? की शिळ्या कढीला ऊत आणण्याचाच हा प्रकार आहे?

प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा असला तरी तो क्षुल्लक नाही. कुटुंबाचा पैसा आणि वेळ यांचा तर तो आहेच; पण मुलांच्या मनात घर करून बसणाऱ्या नायकांचा मालक कोण, हाही प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

प्रथम दोन गोष्टींची गल्लत दूर करू. एक आहे नुसता नटबदल. कथा पुढे चालू राहते, मागचे सारे घडलेले कायम राहते, केवळ भूमिका दुसरा नट करतो. ‘आयर्न मॅन’ या 2008 च्या चित्रपटात नायकाचा मित्र कर्नल ऱ्होड्स याचे काम टेरेन्स हॉवर्ड यांनी केले होते. 2010 च्या दुसऱ्या भागात डॉन चीडल आले. कथेला त्याचा काडीमात्र धक्का बसला नाही. दुसरा प्रकार ‘रिबूट’ या नावाने ओळखला जातो. हा शब्द संगणकाच्या व्यवहारातला आहे. यंत्र बंद करून पुन्हा प्रारंभापासून चालू करावे, तशी येथे पाटी कोरी केली जाते. मागील चित्रपट जणू घडलेच नव्हते असे समजून नायकाचा नव्याने श्रीगणेशा होतो. लोकांची नाराजी बहुधा या दुसऱ्या प्रकारावर असते आणि राग मात्र पहिल्यावर, म्हणजे बिचाऱ्या नव्या नटावर निघतो.

रिबूटचा उगम कोठे होतो हे समजण्यास स्पायडर-मॅनचेच चरित्र पाहावे. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी हे पात्र 1962 मध्ये अमेरिकेतील एका चित्रकथांच्या नियतकालिकात प्रथम आणले. वडीलधाऱ्यांच्या मायेत वाढलेला एक गरीब, बुजरा विद्यार्थी. त्याला एक कोळी चावतो आणि विलक्षण शक्ती प्राप्त होते. परंतु त्याच्या एका बेपर्वाईमुळे त्याच्या काकांचा खून होतो. शक्ती आणि जबाबदारी यांची ही सांगड अतिशय साधी, म्हणूनच टिकाऊ ठरली. पुढे 1996 मध्ये मार्व्हल कंपनीवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. पैशाच्या ओढग्रस्तीच्या त्या काळात आपल्या नायकांचे चित्रपटहक्क निरनिराळ्या निर्मात्यांकडे सोपविण्याचे व्यवहार तिने केले. हल्क एकीकडे गेला, एक्स-मेन दुसरीकडे. स्पायडर-मॅन 1999 मध्ये सोनी कंपनीकडे आला.

या हक्कांस एक अट जोडलेली होती. ठराविक मुदतीत नवा चित्रपट निघाला नाही, तर हक्क मूळ मालकाकडे परत जावयाचे. सॅम रॅमी या दिग्दर्शकाचे 2002, 2004 आणि 2007 साली तीन चित्रपट निघाले. पहिल्याने तर अमेरिकेत प्रदर्शनाच्या पहिल्या तीन दिवसांतच 10 कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. तोवर कोणत्याही चित्रपटास हे साधले नव्हते. चौथ्याची तयारी चालू होती, पण पटकथा मनासारखी उतरेना आणि 2010 च्या जानेवारीत तो बेत रद्द झाला. मुदतीचे घड्याळ मात्र थांबले नव्हते. तेव्हा नवा दिग्दर्शक, नवा नट घेऊन 2012 साली ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ प्रदर्शित झाला. त्यात पुन्हा तोच कोळी, तोच दंश, तेच काका आणि पुन्हा त्यांचा मृत्यू! दहा वर्षांपूर्वी पाहिलेले दुःख प्रेक्षकांस नव्या तिकिटावर पाहावे लागले. गारफील्ड यांनी काम मन लावून केले होते. उणीव त्यांच्यात नव्हती. चित्रपटाला सांगण्यासारखे नवे फारसे नव्हते, आणि ते न सांगता राहण्याची मुभाही नव्हती. 2014 च्या पुढील भागाने आधीच्या चारही चित्रपटांहून कमी उत्पन्न मिळविले.

करारासाठी चित्रपट काढण्याची याहून विलक्षण कथा ‘फॅन्टास्टिक फोर’ची आहे. या चार वीरांचे हक्क एका जर्मन निर्मात्याकडे होते व त्यांची मुदत 1992 च्या अखेरीस संपत होती. म्हणून त्या वर्षाचे शेवटचे काही दिवस उरले असता, काटकसरीबद्दल प्रसिद्ध असलेल्या रॉजर कॉर्मन यांच्या साहाय्याने, सुमारे 10 लाख डॉलर एवढ्या अल्प खर्चात चित्रीकरण घाईने सुरू करण्यात आले. आपला चित्रपट झळकणार या भरवशावर कलावंतांनी मनापासून कामे केली. प्रसिद्धीसाठी ठिकठिकाणी फिरलेही. परंतु तो चित्रपट चित्रपटगृहांत रीतसर कधीच प्रदर्शित झाला नाही. हक्क राहिले, आणि कलावंतांची मेहनत डब्यात बंद झाली. पुढे 2005 मध्ये एक, 2015 मध्ये दुसरा असे याच चौघांचे नवे प्रारंभ झाले. त्यांपैकी 2015 चा इतका फसला की, प्रदर्शनाच्या वेळी खुद्द दिग्दर्शकानेच आपली नाराजी जाहीरपणे प्रकट केली.

येथे कोणी म्हणेल, ‘एवढे आश्चर्य ते काय? आपल्याकडेही तीच आख्याने शतकानुशतके सांगितली जात नाहीत का?’ आक्षेप मार्मिक आहे. कीर्तनास बसलेल्या श्रोत्याला सीतास्वयंवराचा शेवट ठाऊक असतो, धनुष्य कोण मोडणार हे शेंबडे पोरही सांगेल; तरीही तो उत्तररंगाची आतुरतेने वाट पाहतो. कथा जुनी असणे हा तेथे दोष ठरत नाही, कारण श्रोता कथेसाठी आलेला नसून सांगणाऱ्यासाठी आलेला असतो. मग स्पायडर-मॅनलाच बोल का लावावा?

भेद कथेच्या जुनेपणात नाही, मालकीत आहे. सीतास्वयंवर कोणाच्या तिजोरीत ठेवलेले नाही. एका गावात एक बुवा ते एका रीतीने लावतात, शेजारच्या गावात दुसरे बुवा दुसऱ्या रीतीने लावतात, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याची कथा रद्द करीत नाही. कोणाला सांगावेसे वाटले नाही तर न सांगण्याचीही मोकळीक आहे. अमेरिकेतील अतिमानवी वीरांचे तसे नाही. तेथे सांगण्याचा अधिकार एका वेळी एकाच हाती असतो, आणि तो हातातून निसटू नये म्हणून सांगावेच लागते. म्हणून प्रत्येक नवा प्रारंभ हा मागच्याचा शेवट ठरतो. लहान मुलांना याचे जे दुःख होते, ते आपण हसण्यावारी नेऊ नये. त्यांचा एक सोबती कागदोपत्री नाहीसा झालेला असतो.

तेव्हा कोणताही रिबूट पाहण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा, असे मला वाटते. ही गोष्ट पुन्हा सांगावी असे कोणाला वाटले? पात्रात काही न सांगितलेले उरले होते म्हणून एखाद्या दिग्दर्शकाला, की मुदत संपत आली म्हणून एखाद्या कचेरीला? उत्तर पडद्यावर अर्ध्या तासात कळून येते.

पहिल्या प्रकारचे उत्तम उदाहरण बॅटमॅनचे. बॉब केन व बिल फिंगर यांनी 1939 मध्ये निर्माण केलेला हा नायक. लहानपणी डोळ्यांदेखत आईवडिलांचा खून झालेला एक धनाढ्य तरुण रात्री वटवाघळाच्या वेषात गुन्हेगारांचा पाठलाग करतो. 1966 मध्ये अ‍ॅडम वेस्ट यांनी दूरचित्रवाणीवर त्याला खेळकर, जवळजवळ विनोदी रूप दिले. 1989 मध्ये टिम बर्टन यांनी त्यास काळोखी, गूढ रूप द्यावयाचे ठरविले आणि नट निवडला मायकेल कीटन. तोवर मुख्यतः विनोदी कामांसाठी गाजलेला! वॉर्नर ब्रदर्स कंपनीकडे निषेधाच्या पत्रांचा हजारोंनी पाऊस पडला. चित्रपट लागला आणि तेच प्रेक्षक कीटनचे भक्त झाले. मात्र 1997 पर्यंत ही मालिका एवढी भडक व पोकळ झाली की, तिला आठ वर्षे विश्रांती घ्यावी लागली. मग 2005 मध्ये ख्रिस्तोफर नोलन यांनी ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये पाटी कोरी केली. हा माणूस वटवाघळाचा वेष मुळात घालतोच का, भीतीचे शस्त्र त्याने कोठून उचलले, याचा शोध त्यांनी इतक्या सावकाश घेतला की, नायकाचा तो प्रसिद्ध पोशाख दिसण्यास सुमारे तासभर थांबावे लागते. येथे आरंभ पुन्हा सांगितला गेला, पण तो प्रथमच नीट सांगितला गेला.

आणि जोकर? बॅटमॅनच्या या हसऱ्या वैऱ्याची भूमिका 1989 मध्ये जॅक निकल्सन यांनी अशी रंगविली की, पुन्हा कोणी तिच्या वाटेस जाऊ नये असेच रसिकांस वाटले. 2008 मध्ये ‘द डार्क नाइट’मध्ये हीथ लेजर यांची निवड झाली तेव्हा नाके मुरडणारे थोडे नव्हते. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच लेजर यांचे निधन झाले. 2009 मध्ये त्यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मरणोत्तर देण्यात आले. त्यानंतर 2019 च्या ‘जोकर’मध्ये वाकीन फीनिक्स यांनी तेच पात्र अगदी वेगळे, एका पिचलेल्या, एकाकी माणसाचे करून दाखविले व 2020 मध्ये प्रमुख अभिनेत्याचे ऑस्कर पटकाविले. निकल्सननंतर जोकर कोणी करू नये असा दंडक पडला असता, तर ही दोन्ही कामे आपण पाहिलीच नसती.

मराठी प्रेक्षकाला हे अधिक पटावे. नाटकाच्या जाहिरातीत ‘नव्या संचात’ हे शब्द वाचून आपण कधी बिचकलो नाही. 1970 मध्ये ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले तेव्हा अप्पासाहेब बेलवलकर म्हणजे डॉ. श्रीराम लागू असे समीकरण झाले होते. तरी पुढे दत्ता भट यांनी ती भूमिका केली, इतरांनीही केली, आणि कोणाचे अप्पा अधिक थोर यावर घरोघर रंगलेल्या वादांनी नाटकाची शोभाच वाढविली. भूमिका ही वस्त्रासारखी आहे. दुसऱ्याने ती घातली म्हणजे पहिल्याचे अंग उघडे पडत नाही.

परंतु वस्त्र आपल्या मापाचे करून घ्यावे लागते. सुपरमॅनचे 2006 मधील उदाहरण पाहण्यासारखे आहे. 1978 पासून चार चित्रपटांत ख्रिस्तोफर रीव्ह यांनी सुपरमॅनचे काम केले. चष्मा लावून खांदे पाडले की तो बावळा वार्ताहर होई आणि चष्मा काढून ताठ उभा राहिला की विश्वाचा रक्षक. एवढ्या साध्या साधनांनी त्यांनी दोन माणसे उभी केली. 2006 च्या ‘सुपरमॅन रिटर्न्स’मध्ये ब्रँडन राउथ यांना जणू रीव्ह यांच्याच साच्यात बसविण्यात आले. जॉन विल्यम्स यांचे जुने संगीतही पुन्हा वाजले. आदर पुष्कळ होता, पण त्या आदराच्या ओझ्याखाली नवा नट गुदमरला, आणि ती मालिका तेथेच थांबली. अनुकरण ही श्रद्धांजली होऊ शकते. जिवंत भूमिका नव्हे.

नट बदलूच नये असा प्रसंग येतो काय? 2018 च्या ‘ब्लॅक पँथर’मध्ये वाकांडा या कल्पित आफ्रिकी राज्याचा राजा टी-चाला याची भूमिका चॅडविक बोझमन यांनी केली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला हा पहिला सुपरहीरो चित्रपट. कृष्णवर्णीय मुलांना आपल्यासारखा दिसणारा, विचारी, सुसंस्कृत राजा पडद्यावर पाहावयास मिळाला, याचे मोल पुरस्कारांहून मोठे होते. बोझमन यांना कर्करोगाने ग्रासले आहे हे जगास ठाऊक नव्हते. 2020 च्या ऑगस्टमध्ये वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले. दुसरा नट घ्यावा की नाही, यावर प्रेक्षकांत तट पडले. एक पक्ष म्हणाला, एवढ्या लवकर दुसरा चेहरा पाहवणार नाही. दुसरा म्हणाला, नट गेला म्हणून राजालाही का मारता? बॅटमॅन अर्धा डझन नटांनी केला. मग या एकाच कृष्णवर्णीय राजाचे आयुष्य एका माणसाच्या आयुष्याएवढेच का असावे?

दिग्दर्शक रायन कूगलर व निर्मात्यांनी नट बदलला नाही. 2022 च्या ‘वाकांडा फॉरेव्हर’मध्ये टी-चालाचा आजाराने मृत्यू झाल्याचे दाखविले आणि त्याची बहीण शुरी हिने त्याचा वारसा घेतला. पुत्रशोकात बुडालेल्या राणीच्या भूमिकेत अँजेला बॅसेट यांना पाहताना पडद्यावरचे दुःख व पडद्यामागचे दुःख यांतील सीमारेषा पुसली जाते. त्या चित्रपटापुरता हा निर्णय योग्य होता, असे माझे मत आहे; शोकाला त्याचा अवधी मिळाला पाहिजे. परंतु तो कायमचा नियम व्हावा हे मला पटत नाही. दुसऱ्या पक्षाचा प्रश्न अद्यापि उभा आहे, आणि कधीतरी एखाद्या नव्या नटाने टी-चाला करावा यात बोझमन यांचा अनादर नाही.

अलीकडील चित्रपटांत एक शहाणपण मात्र दिसू लागले आहे. सोनी व मार्व्हल यांनी 2015 मध्ये आपसांत करार केला, आणि 2016 मध्ये टॉम हॉलंड यांचा स्पायडर-मॅन आला तो कोळ्याच्या दंशाशिवाय! काकांचा खूनही दाखविला नाही. प्रेक्षकांस हे ठाऊक आहे असे गृहीत धरून कथा पुढे निघाली. 2022 च्या ‘द बॅटमॅन’ने आईवडिलांच्या खुनाचा प्रसंग वगळला. 2025 च्या ‘सुपरमॅन’ची सुरुवात तर पडद्यावरील मजकुराने होते व नायक पहिल्याच दृश्यात एक लढाई हरून बर्फात कोसळतो, त्याचे बालपण, ग्रहाचा विनाश, पाळणा यांत वेळ दवडलेला नाही. म्हणजे जन्मकथा गाळून नायक नवा करता येतो. एवढे उमगावयास चित्रपटवाल्यांना बरीच वर्षे लागली.

सर्वांत मौजेचे वळण 2021 मध्ये आले. ‘नो वे होम’ या चित्रपटात तिन्ही स्पायडर-मॅन एकत्र आले. 2014 मध्ये गारफील्डच्या नायकाला आपली प्रेयसी ग्वेन हिला पडताना वाचविता आले नव्हते. येथे तो दुसऱ्या एका मुलीला तशाच पडण्यातून झेलतो, आणि क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते त्यासाठी सात वर्षे थांबणे सार्थकी लागले असे वाटते. रद्द झालेला नट परत आला, आणि त्याच्या रद्द होण्यातूनच त्याची उत्कृष्ट घटका निर्माण झाली. हे करारात लिहिलेले नव्हते.

त्यापूर्वी 2018 मध्ये ‘इन्टू द स्पायडर-व्हर्स’ या चलत्चित्रपटाने माइल्स मोरालेस नावाच्या एका वेगळ्याच मुलाला तो पोशाख दिला व ऑस्कर मिळविले. त्याच्या 2023 च्या पुढील भागात पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडर-मॅनही आहे. 2004 मध्ये चित्रकथेत जन्मलेला हा मुंबईचा मुलगा चित्रपटात मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून बनलेल्या ‘मुंबॅटन’ शहरात राहतो. तो चित्रपट भारतात दहा भाषांतून प्रदर्शित झाला. त्यांत मराठीही होती. चेहरा बदलणे सोडाच, येथे नाव, गाव, भाषा सारेच बदलले, आणि तरी मुलांनी त्याला क्षणात ओळखले.

पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. नाव तेच म्हणून चित्रपट त्याच वयाचा असतो असे समजू नये. 1966 चा बॅटमॅन आजी-नातवंडांनी मिळून पाहावा असा होता. त्याच कथेतून निघालेल्या 2019 च्या ‘जोकर’ला आपल्याकडे केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले. 2024 च्या नियमांनुसार ‘यूए’ प्रमाणपत्राचे 7, 13 व 16 वर्षे असे तीन विभाग केलेले आहेत. तिकीट काढण्यापूर्वी तेवढा आकडा पाहावा. आणि मुले पहिल्यांदाच स्पायडर-मॅन पाहणार असतील तर त्यांना 2002 चा चित्रपट आधी दाखवावा. दंशाची ती गोष्ट तेथे सर्वांत सुबोध आहे.

मालकीचा जो प्रश्न वर आला, त्याला अमेरिकेच्या कायद्यात एक तारीख आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी 1938 मध्ये अवघ्या 130 डॉलरांस आपल्या सुपरमॅनचे हक्क विकले होते. तेथील कायद्याप्रमाणे अशा प्रकाशनाचे संरक्षण 95 वर्षे चालते. म्हणजे 1 जानेवारी 2034 रोजी सुपरमॅनची ती पहिली चित्रकथा, आणि तिच्यामागोमाग 2035 मध्ये बॅटमॅनची पहिली चित्रकथा, सर्वांना खुली व्हावयाची आहे. बोधचिन्हे व नंतर जोडले गेलेले तपशील यांवरचे हक्क राहतील; पण मूळ गोष्ट सांगण्यास कोणाच्या परवानगीची गरज उरणार नाही, आणि मुदत टळू नये म्हणून ती सांगण्याचीही.